संसार तवा की समुद्र?

भाची यंदा दहावीला गेली. तिच्या मराठीच्या गाईडमध्ये रसग्रहणाची जेवढी उत्तरं आहेत त्या सगळ्यांच्या शेवटी फिरून फिरून एकच वाक्य येतं, कवीने अलंकारांचा सुंदर वापर केल्यामुळे कवितेला सौंदर्य प्राप्त झाले आहे. कविता पावसाची असो, आईची असो, नाहीतर दुष्काळाची, सौंदर्य प्राप्त होतंच. पोरगी ते वाक्य घोकून राहिली होती, मी बाजूला कूलरमध्ये पाणी टाकत होते, शेवटी राहवलं नाही म्हणून विचारलं, अगं पण कोणतं सौंदर्य? तर म्हणते, "मावशी, ते लिहायचं नसतं."

मग मी सुरू झाले. पुढे जे लिहिलंय त्यातलं तिनं फार थोडं ऐकलं, बाकी सगळं तुमच्या माथी.

माझं म्हणणं एवढंच आहे की कवितेचा मूड ती कविता ज्या गोष्टीवर आहे त्या गोष्टीनं ठरत नाही, ती गोष्ट कशासारखी आहे म्हणून सांगितलं त्यानं ठरतो. व्याकरणाच्या तासाला उपमेय-उपमान शिकवतात ना, ज्याची तुलना करायची ते उपमेय अन् ज्याच्याशी करायची ते उपमान, त्यातलं उपमान हा खरा मालक. ते एकटं येत नाही, आपला वास, आपला उजेड, आपल्या आठवणी सगळं सोबत घेऊन येतं. आणि हे तपासायची एक सोपी ट्रिक आहे, उपमान काढा, त्या जागी दुसरं बसवा, अन् मग कविता पुन्हा मोठ्यानं वाचून बघा.

संसारच घ्या. संतांनी संसाराला बहुतेक वेळा पाण्यात नेऊन टाकलं, भवसागर, भवनदी. समुद्र म्हटला की बुडायची भीती आली, पैलतीर आला, हात देऊन बाहेर काढणारा कोणीतरी आला. म्हणजे संसाराबद्दल एक अक्षर बोलायच्या आधीच ठरून गेलं की इथून सुटायचंय. हा मूड शेकडो वर्षं चालला. आणि मग जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१), ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या म्हणतात,

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके, तव्हा मिळते भाकर

आता तव्याला काही पैलतीर नसतो. तव्यावरून कोणी तरून जात नाही. तव्यासमोर बसावं लागतं, रोज, आणि चटका बसला म्हणून कोणी चूल सोडून पळत नाही, हात झटकते अन् दुसरी भाकर टाकते. त्या एका तव्यानं संसाराची भीतीच काढून टाकली, गोडवे गायले असंही नाही, चटका तर पहिल्याच कडव्यात येऊन गेला. पुढे त्याच गाण्यात संसाराला खोटा कधी म्हनू नही असं त्या चक्क बजावतात, ते त्यांना बजावता येतं कारण आधी तवा येऊन गेलेला आहे. समुद्रानंतर हे वाक्य आलं असतं तर कोणी ऐकलं नसतं.

भाचीला म्हटलं, तवा काढ आणि तुझं काही टाक. तिनं टाकलं रोपटं. संसार म्हणजे रोपटं, आधी पाणी घालायचं, मग फळ मिळतं. अर्थ बघा, अगदी तोच आहे, आधी कष्ट करा नंतर फळ खा. पण गाण्याचं पार व्हॉट्सअ‍ॅपचं गुड मॉर्निंग होऊन गेलं. अर्थ तोच राहतो आणि कविता मरते, आता हे गाईडवाल्याला कसं समजावणार.

बहिणाबाईंचंच दुसरं, मनाचं. समर्थ रामदास मनाला काय म्हणतात? मना सज्जना भक्तिपंथेचि जावे. आधीच सज्जन म्हणून टाकलं, म्हणजे आता मनाला वाईट वागायची सोयच उरली नाही, हा शहाण्या मास्तरांचा टोन आहे, पोराला हुशार म्हणायचं आणि गृहपाठ करून घ्यायचा. आणि बहिणाबाई? मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर. मन तेच हो, पण इथे कोणी उपदेश नाही करून राहिलं, इथे एक बाई काठी घेऊन वावरात धावतेय आणि वैतागलीय. आणि वैतागली तरी त्या ढोराचा द्वेष नाही, कारण ढोर घरचंच आहे. माझं आजोळ काटोलकडचं, तिथे आता घरच्या ढोरापेक्षा रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं जास्त येतात पिकात, मामा रात्र रात्र जागलीला जातो. मनाला जर कोणी उभ्या पिकातलं रानडुक्कर म्हटलं तर? लगेच भीती आली, बॅटरी आली, फटाके आले, सगळा टोन बदलला. तरी दोन्ही प्राणी पीकच खातात.

मूड आणि टोन हे दोन मी इथे सरमिसळ वापरून राहिले, पण ते एक नाहीत. वाचल्यावर आपल्यावर जे उतरतं तो मूड, आणि बोलणारा ज्या तोंडानं बोलतोय तो टोन. बऱ्याचदा दोन्ही एकाच दिशेनं जातात म्हणून फरक कळत नाही. तो कळायला मर्ढेकर वाचावे लागतात.

बा. सी. मर्ढेकरांच्या एका कवितेत मुंबईची सकाळ अशी येते,

न्हालेल्या जणु गर्भवतीच्या सोज्वळ मोहकतेने बंदर
मुंबापुरिचे उजळित येई माघामधली प्रभात सुंदर

इथे ट्रिक करून बघा. गर्भवतीच्या जागी नववधू टाका. न्हालेल्या जणु नववधूच्या. मात्रेची थोडी ओढाताण होईल पण आपण काही छंदाची परीक्षा देत नाही. सकाळ सुंदरच राहिली, पण कॅलेंडरवरच्या चित्रातली झाली. गर्भवतीत एक जडपणा आहे, एक थांबणं आहे, आतमध्ये काहीतरी चाललंय ते बाहेरून दिसत नाही, आणि थोड्या दिवसांनी सगळी धावपळ उडणार आहे. बंदर सकाळी तसंच असतं ना, बोटी लागलेल्या आहेत, माल पडलाय, अजून हाका सुरू व्हायच्या आहेत. आणि न्हालेली, म्हणजे ओले केस, अंगावर गारवा, माघातला. एवढं सगळं एका शब्दात. व्याकरणाच्या पुस्तकात चेतनगुणोक्तीचं, म्हणजे निर्जीव गोष्ट सजीवासारखी वागते त्या अलंकाराचं, उदाहरण म्हणून जी ओळ पाठ करतात, डोकी अलगद घरे उचलती काळोखाच्या उशीवरूनी, ती याच कवितेतली. पुस्तकात ती एकटी पडते म्हणून नुसती गंमत वाटते, घराला डोकं आहे, ही ही! कवितेत मात्र आधी ती न्हालेली बाई येऊन गेलेली असते, त्यामुळे घरांचं ते उठणंसुद्धा तितकंच हळू होतं. अलगद हा शब्द तिच्याकडूनच आलाय असं माझं मत आहे.

आणि हाच माणूस लिहितो,

पिपांत मेले ओल्या उंदिर
माना पडल्या, मुरगळल्याविण

वाचताना पोटात ढवळतं. तो झाला मूड. पण टोन ऐका, त्यात किळस नाही, रडणं नाही, संताप नाही, सरळ पंचनामा आहे. माना पडल्या. कशा पडल्या, मुरगळल्याविण. नोंद झाली, पुढचं बोला. दुःख करणारा कोणी त्या पिंपाजवळ उभाच नाही, आणि आपल्याला धडकी भरते ती मला वाटतं उंदरांपेक्षा या गोष्टीची. शिवाय उपमान तेवढं ठेवलंय, उपमेय गायब. शहरातली माणसं अशी मरतात बुवा, असं मर्ढेकर कुठेच सांगत नाहीत. उपमेय उपमानानं गिळून टाकायचं याला आपल्या जुन्या शास्त्रात रूपकातिशयोक्ती म्हणतात. १९४७ साली 'काही कविता' आलं तेव्हा लोक भडकले त्याचं नवल नाही, आपणच त्या पिंपात आहोत हे कवीनं न सांगता आपल्यालाच ओळखायला लावलं तर कोणालाही राग येईल.

मर्ढेकरांनी या सगळ्याचा विचार समीक्षेतही केला होता, भावनानिष्ठ समतानता असा दणदणीत शब्द त्यांचा. शब्दाला घाबरू नका. दोन गोष्टी दिसायला सारख्या असतात म्हणून कवी त्या जवळ आणत नाही, दोन्ही मनात एकच भावना उठवतात म्हणून आणतो, असा साधारण त्याचा अर्थ. बंदर काही गर्भवतीसारखं दिसत नाही. संसार तव्यासारखा गोल नाही. आणि त्याहून कितीतरी आधी, नवव्या शतकात, काश्मीरच्या आनंदवर्धनानं ध्वन्यालोकात सांगून ठेवलंय की खरा अलंकार तो ज्याला वेगळी मेहनत लागत नाही, रस बांधता बांधता तो आपोआप येतो. म्हणजे कविता आधी लिहिली अन् मग वरून दागिने घातले असा प्रकारच नाही. अकराशे वर्षं झाली याला, गाईड अजून दागिनेच मोजतंय.

तुकोबांचं एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कन्या सासुर्‍यासी जाये, मागे परतोनी पाहे, तैसें जालें माझ्या जिवा, केव्हां भेटसी केशवा. यात उपमान नुसती कन्या नाहीये, ते मागे वळून बघणं आहे. ते अर्धं चरण काढलं तर नुसतं लग्न उरतं. ती मुलगी जातेय एकीकडे आणि बघतेय दुसरीकडे, आणि पाय थांबवता येत नाहीत. एवढा मोठा दाढीमिशांचा माणूस, वाण्याचं दुकान सांभाळलेला, देवाशी भांडताना ज्याच्या तोंडाला लगाम नसतो, तो इथे एका ओळीत सासरी निघालेली पोर होतो आणि आवाज एकदम बारीक होऊन जातो. टोन बदलायला त्यांनी वेगळं काही केलं नाही, फक्त कोणासारखं ते बदललं.

बालकवींचं 'औदुंबर' सगळ्यांना पाठ आहे, आठ ओळी, त्यामुळे थोडक्यात. सात ओळी नुसते रंग आहेत. निळासावळा झरा, हिरवी गरदी, पांढरी पायवाट, आणि ती पायवाट बघा कुठे चाललीय, काळ्या डोहाकडे. मग डोहावर काळिमा पसरतो आणि त्याला विशेषण काय, गोड. गोड काळिमा. त्या गोडमुळे इतकी वर्षं समीक्षक भांडून राहिले की ही कविता शांततेची आहे की मरणाची, आणि मला तर वाटतं भांडण मिटूच नये. शेवटी, पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर. बसलाच्या जागी उभा करून बघा. उभा असला औदुंबर. झालं, निसर्गचित्र, इयत्ता सहावी. झाड बसलं, त्यातही पाण्यात पाय सोडून बसलं, की ते कोणीतरी होतं. ऋषी होतं की शाळा बुडवून आलेलं पोरगं, ते तुमच्या त्या दिवशीच्या मूडवर. अंबाझरी तलावाच्या पाळीवर संध्याकाळी माणसं बसलेली असतात ती पाठीमागून बघितली की कोण निवांत आहे आणि कोण खचलेलं आहे काही म्हणजे काही सांगता येत नाही, मला ती ओळ तिथे हमखास आठवते.

आता उलट बाजू. नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, अजून लागायचाय, आणि पेपर उघडला की सूर्य आग ओकतोय. दरवर्षी. टेक्निकली बघाल तर जबरदस्त प्रतिमा आहे ती, आकाशात एक प्राणी तोंड उघडून आग ओकतोय, कोणी पहिल्यांदा म्हटलं असेल तेव्हा ऐकणारा दचकला असेल. आज ते वाचून एक थेंब घाम येत नाही. उपमान इतकं वापरलं गेलं की त्याच्यासोबत येणारं सगळं वाटेत सांडून गेलं. त्यापेक्षा आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बाया दुपारी दाराला ओला पडदा लावता लावता म्हणतात, ऊन मी म्हणून राहिलं बाप्पा, त्यात अजून जीव आहे, कारण ते ऊन हट्टी माणसासारखं दारात उभं आहे आणि हटत नाही.

आणि त्याच सूर्याचं याच नागपूरच्या माणसानं काय केलं ते बघा. ग्रेस, म्हणजे माणिक गोडघाटे. ती गेली तेव्हा रिमझिम पाऊस निनादत होता, मेघांत अडकली किरणे हा सूर्य सोडवित होता. कोणीतरी गेलंय, कायमचं गेलंय असं वाटत राहतं, आणि वर सूर्य काय करतोय, तर ढगांत गुंतलेली आपली किरणं एकेक करून सोडवत बसलाय. खाली काय घडलं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. तो क्रूर नाहीये, फक्त आपल्या कामात आहे, आणि ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला जग नेमकं असंच दिसतं हे मला वडील गेल्यावर कळलं, रस्त्यावर भाजीवाला नेहमीसारखा ओरडत होता. ट्रिक लावून बघा, सूर्य रडत होता असं करा. कवितेचं लगेच सिरीयल होतं. दुःख निसर्गाला वाटून दिलं की आपलं हलकं होतं, ग्रेस ते वाटून देत नाहीत.

ग्रेस कळत नाहीत असं लोक म्हणतात, दुर्बोध म्हणून शिक्काच आहे. मला पण पुष्कळ ओळींचा अर्थ सांगा म्हटलं तर सांगता येणार नाही, पण मूडबद्दल कधी शंका येत नाही. 'संध्याकाळच्या कविता' १९६७ चं, त्यातलं कुठलंही पान उघडा, तीन ओळींत दिवस मावळतो. ते उपमेय जवळजवळ दाखवतच नाहीत, उपमानांवर उपमानं येत राहतात, आणि अर्थ लावायला जी खुंटी लागते तीच नाही म्हणून माणूस चिडतो. चिडणं मी समजू शकते. पण गाणं ऐकताना आपण कुठे अर्थ मागतो.

सुरेश भट बरोबर दुसऱ्या टोकाला. जन्म अमरावतीचा, शेवट नागपुरात, २००३ साली, रेशीमबागेतलं मोठं सभागृह त्यांच्या नावाचं आहे. उषःकाल होता होता काळरात्र झाली. यात एकही नवीन प्रतिमा नाही. उजेड म्हणजे आशा, रात्र म्हणजे निराशा, इतकी जुनी जोडी की भाषणात कोणी वापरली तर मी जांभई देईन. मग इथे अंगावर काटा का येतो? माझं उत्तर, होता होता. उजाडल्यावर रात्र आली असं म्हटलं असतं तर तो नुसता घड्याळाचा क्रम झाला असता. इथे उजाडणंच मधल्या मध्ये नासलं. डोळ्यादेखत. म्हणून टोन दुःखाचा न होता फसवणुकीचा होतो, आणि फसवलेला माणूस एकटा बसत नाही, तो चार लोकांना हाका मारतो. पुढच्या ओळीतली अरे ती हाकच आहे. ग्रेस वाचून मी दार लावून घेते, भट ऐकून दार उघडावंसं वाटतं. दोघंही एकाच शहरातले, संध्याकाळ दोघांनाही तीच मिळालेली.

भाची इथपर्यंत आली तेव्हा म्हणाली, हे सगळं पेपरात एवढ्याशा मार्कांत कसं लिहू? बरोबर आहे तिचं. मी तिला एवढंच म्हटलं की सौंदर्य प्राप्त झाले आहे हे वाक्य हवं तर राहू दे, त्याच्या आधी एक ओळ टाक, हे उपमान आलं म्हणून मला भीती वाटली, किंवा हसू आलं, किंवा आजी आठवली. जे खरं असेल ते. तिनं औदुंबरासाठी लिहिलं, झाड बसलंय म्हणून त्याला उठवू नये असं वाटतं. मी तर खूश झाले, पेपर तपासणारे काय करतील ते करोत.

एक राहिलं, आणि ते छापलेल्या कवितेबाहेरचं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे नागपुरात मारबत निघते, म्हणजे बाईच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक, काळी आणि पिवळी, १८८०च्या दशकापासून चालत आलेली, सोबत बडगे नावाचे पुतळे, ज्यांना त्या त्या वर्षाच्या महागाईचा नाहीतर भ्रष्टाचाराचा चेहरा दिलेला असतो. लोकांचा लोंढा ओरडत येतो, इडा पिडा रोगराई घेऊन जा गे मारबत. रोगराईला बाईचं शरीर द्यायचं, ही तर रस्त्यावर चालणारी चेतनगुणोक्ती झाली, आणि एकदा शरीर दिलं की तिला गे म्हणता येतं, तिच्यावर ओरडता येतं, वेशीबाहेर नेऊन जाळता येतं. साथीच्या नावानं माणूस एरवी घरात दडून बसतो, इथे अख्खं शहर हसत आरडाओरडा करतं. आदल्या दिवशी गावोगावी पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या, म्हणजे यमक जुळवून म्हटलेल्या टोमण्यांच्या ओळी, होतात त्याही अशाच, एकानं म्हणायची अन् समोरच्यानं त्याला उत्तर द्यायचं, सरकारपासून सावकारापर्यंत कोणाला सोडत नाहीत, आणि शेवटी एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव. त्यातली उपमानं सगळी वावरातली आणि घरातली, आणि टोन असा की ज्याच्यावर म्हटली तोही हसतो. मामाला सांगून ठेवलंय, यंदाच्या पोळ्याला फोनवर रेकॉर्ड करून पाठव म्हणून. तुमच्याकडच्या झडत्या कोणी लिहून ठेवल्या असतील, विशेष करून भंडारा-गोंदियाकडच्या, तर मला हव्या आहेत, यमक जुळलेलं नसलं तरी चालेल.